पडदा काळा होतो तेव्हा: ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बिघाडाचा पायरीपायरीने तपास

संगणक मध्येच बंद पडतो अशी तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा निदानही सोबतच घेऊन येतो. ‘ग्राफिक्स कार्ड गेलंय’ हे त्यातले सर्वांत लोकप्रिय निदान आणि ‘फॉरमॅट मारून बघितलं, तरी तेच’ हे त्याला जोडून येणारे दुसरे वाक्य. पुण्यात आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांची संख्या मोठी असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले संगणक इथे घरोघरी आहेत. ओळखीपाळखीतल्या अशा संगणकांची डागडुजी मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की यातली अनेक कार्डे धडधाकट असतात आणि बिघाड असतो तो विंडोज व कार्ड यांच्यामध्ये बसलेल्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. याच्या उलटही घडते. ड्रायव्हरवर खापर फुटते आणि खरा दोष विजेच्या पुरवठ्यात, रॅममध्ये किंवा थेट प्रोसेसरमध्ये निघतो. म्हणून हा लेख ड्रायव्हर काढून पुन्हा कसा घालावा इथून सुरू न होता, दोष ड्रायव्हरचाच आहे हे कसे ठरवावे इथून सुरू होतो.

नेमके घडते काय

विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’, म्हणजे टीडीआर, नावाची व्यवस्था आहे. विंडोज कार्डाला एखादे काम सोपवते आणि वाट पाहते. ठरावीक मुदतीत, जी मुळात २ सेकंदांची असते, कार्डाने ते पूर्ण केले नाही किंवा बाजूला ठेवले नाही, तर कार्ड अडकले आहे असे समजून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि चालू असलेला गेम किंवा संपादनाचे सॉफ्टवेअर बंद पडते, ते या उलाढालीमुळे. ड्रायव्हर सावरलाच नाही, किंवा एका मिनिटात ही सावरासावर पाच-सहा वेळा करावी लागली, तर विंडोज हात टेकते आणि निळा पडदा दाखवून संगणक थांबवते. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या आवृत्तीत हा पडदा काळा झाला आहे, त्यामुळे ‘निळा पडदा आलाच नाही’ असे कोणी सांगितले तरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे होती का, हे विचारून घ्यावे.

एक्सपीच्या काळात ग्राफिक्स ड्रायव्हर संपूर्णपणे विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालत असे. व्हिस्टापासून त्याचा मोठा भाग गाभ्याबाहेर आला, हा बदल चांगलाच होता. पण संक्रमणाचा काळ कठीण गेला. मायक्रोसॉफ्टवरील एका खटल्यात बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार २००७ मध्ये व्हिस्टाच्या नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशी निगडित होते. परिस्थिती तेव्हापासून पुष्कळ सुधारली असली तरी आजही ड्रायव्हरचा एक हिस्सा कर्नलमध्येच असतो, आणि तिथली एक चूक संपूर्ण संगणक खाली आणते.

हात लावण्याआधी वही काढा

पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सगळे ती गाळतात. संगणक कोसळल्याची तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेली सॉफ्टवेअर आणि नेमके काय दिसले-ऐकू आले, हे कागदावर लिहून ठेवावे. पडदा काळा होऊन परत आला की नाही, आवाज एकाच ठिकाणी अडकून घरघरत राहिला का, पंखे एकदम जोरात फिरू लागले का, संगणक आपोआप रीस्टार्ट झाला की बटण दाबून बंद करावा लागला, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुढे उपयोगी पडते. पुण्यात यात आणखी एक रकाना वाढवावा: लाइट गेली होती का? गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी अनेक भागांत वीज बंद असते, आणि अचानक वीज गेल्याची नोंद विंडोजमध्ये जशी दिसते तशीच कोसळण्याचीही दिसते. एका गृहस्थांच्या संगणकात महिनाभरात सहा ‘क्रॅश’ सापडले होते आणि त्यांपैकी चार गुरुवारी सकाळचे होते. ते महावितरणाच्या खात्यात टाकल्यावर तपासायला दोनच उरले.

याच वेळी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. वारंवार कोसळणाऱ्या संगणकावर काम चालू ठेवणे म्हणजे मुठा दुथडी भरलेली असताना भिडे पुलावरून गाडी काढणे.

विंडोजने काय लिहून ठेवले आहे

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द टाकला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ हा पर्याय येतो. हे दिवसवार दिनदर्शिकेसारखे पान आहे. लाल फुल्या म्हणजे बिघाड आणि त्याच रकान्यात खाली निळ्या खुणांनी त्या दिवशी कोणते ड्रायव्हर किंवा अपडेट बसवले गेले हे दिसते. निळी खूण आधी आणि त्यानंतर लाल फुल्यांची रांग, असे चित्र असेल तर संशयाला आधार मिळाला.

अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून तो उघडावा, ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ या भागात जावे आणि वहीतली वेळ शोधावी. तीन नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत.

‘डिस्प्ले’ या नावाने आलेली ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते आणि तो सावरला. ड्रायव्हरचे नाव तिथेच लिहिलेले असते. एनव्हिडियाच्या कर्नल ड्रायव्हरचे नाव ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ असे उच्चारायला अशक्य आहे. एएमडीच्या फायलींची नावे ‘एटीआयकेएम’ किंवा ‘एएमडीकेएम’ या अक्षरांनी आणि इंटेलच्या ‘आयजीडीकेएम’ या अक्षरांनी सुरू होतात.

‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते की संगणक नीट बंद झाला नव्हता. तिच्या ‘डिटेल्स’ या टॅबमध्ये ‘बगचेककोड’ नावाचा आकडा असतो, आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, तर निळ्या पडद्यावरचे संकेतांक षोडशमान पद्धतीत. त्यामुळे इथे २७८ दिसले तर तो निळ्या पडद्यावरचा ११६, म्हणजे ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ समजावा. २८१ म्हणजे ११९, ‘व्हिडिओ शेड्युलर इंटर्नल एरर’. आणि २३४ म्हणजे ‘ईए’, ड्रायव्हरमध्ये थ्रेड, म्हणजे चालू असलेले एखादे काम, अडकल्याचा संकेत. हे तिन्ही ग्राफिक्सच्या दिशेने बोट दाखवतात. आकडा शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, आणि अशा वेळी मी ड्रायव्हर सोडून आधी विजेकडे पाहतो.

तिसरी नोंद ‘व्हिया-लॉगर’ या नावाने येते. ती हार्डवेअरने स्वतः नोंदवलेली चूक असते आणि तिचे निराकरण ड्रायव्हर बदलून सहसा होत नाही.

सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात ‘मिनीडम्प’ नावाचे फोल्डर असते आणि निळा पडदा आला असेल तर त्यात प्रत्येक वेळची एक छोटी फाइल सापडते. निरसॉफ्टचे ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे मोफत साधन ती फाइल उघडून त्या वेळी कोणता ड्रायव्हर चालू होता ते दाखवते. मायक्रोसॉफ्टचे ‘विनडीबीजी’ यापेक्षा बरेच खोलात जाते, पण त्यासाठी सवय लागते. तीन-चार फायलींत सारखाच संकेतांक आणि सारखेच नाव असेल, तर ड्रायव्हर किंवा कार्ड. प्रत्येक वेळी वेगळाच संकेतांक, कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ तर कधी आणखी काही, असे असेल तर ‘मेमटेस्ट८६’ने रात्रभर रॅम तपासावी आणि ग्राफिक्स तूर्त बाजूला ठेवावे.

नाव ज्याचे, दोष त्याचाच असे नाही

इथे थोडे थांबतो, कारण सर्वाधिक पैसे आणि वेळ याच ठिकाणी वाया जातात. निळ्या पडद्यावर ड्रायव्हरचे नाव येते ते तो शेवटी अडखळला म्हणून. त्याला ढकलले कोणी, हे पडदा सांगत नाही. याचे अलीकडचे मोठे उदाहरण २०२३-२४ मध्ये घडले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या श्रेणीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर अनेक गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडू लागले. संदेशात व्हिडिओ हा शब्द असल्याने लोकांनी ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डेही बदलली. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये होता. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य केला, ऑगस्टपासून मदरबोर्डच्या बायोसद्वारे, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरद्वारे, सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. आपला प्रोसेसर या पिढ्यांतला असेल तर बायोस अद्ययावत आहे का हे आधी पाहावे. नुकसान आधीच झालेला प्रोसेसर मात्र मायक्रोकोडने दुरुस्त होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

घरच्या घरी करता येणारी एक साधी परीक्षा अशी. संगणक सुरू करून थेट बायोसच्या पडद्यावर जावे आणि तिथे दहा मिनिटे थांबावे. बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर मुळी चालूच नसतो. तिथेही रंगीत ठिपके, चौकटी किंवा उभ्या रेघा दिसत असतील तर कार्ड, केबल किंवा मॉनिटर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. केबल आणि मॉनिटर बदलून पाहावा आणि तरीही रेघा राहिल्या तर कार्डाची हमी शोधावी. पुढच्या पायऱ्या करण्यात अर्थ नाही.

बायोस स्वच्छ आहे, बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला आहे, ४१०१ च्या नोंदी किंवा ११६ चा संकेतांक आहे, आणि तो बहुधा ठरावीक सॉफ्टवेअर चालू असतानाच येतो: या चारांपैकी तीन गोष्टी जुळल्या की ड्रायव्हरला हात घालायला हरकत नाही.

तात्पुरता आराम

पडदा गोठला असेल आणि काम जतन करायचे असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. एक बीप ऐकू येतो, पडदा लुकलुकतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हा उपाय नव्हे, पण तासाभराचे काम वाचू शकते.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे रात्री बंद करून सकाळी सुरू केलेल्या संगणकात बिघडलेला ड्रायव्हर आहे त्याच अवस्थेत पुन्हा हजर होतो. या लेखात जिथे जिथे संगणक पुन्हा सुरू करायचा आहे तिथे ‘रीस्टार्ट’च करावे.

मागची आवृत्ती परत आणणे

गेल्या मे महिन्यात कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या, लग्नांचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या एका मित्राचा फोन आला. लग्नसराई ऐन भरात होती, तीन घरचे व्हिडिओ द्यायचे राहिले होते आणि रेंडरिंग, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करण्याचे काम, सत्तर टक्क्यांच्या आसपास पोहोचले की पडदा काळा होऊन सॉफ्टवेअर बंद पडत होते. दुकानदाराने फोनवरच ‘कार्ड गेलं, नवीन घ्या’ असे सांगून टाकले होते. मी रिलायबिलिटीचे पान उघडले तेव्हा अकरा दिवसांपूर्वीची एक निळी खूण दिसली. विंडोज अपडेटने स्वतःहून नवा ग्राफिक्स ड्रायव्हर बसवला होता आणि पहिली लाल फुली दुसऱ्याच दिवसाची होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ च्या चौदा नोंदी होत्या, सगळ्या रेंडरिंगच्या वेळच्या. मागची आवृत्ती परत आणायला सात मिनिटे लागली. त्या रात्री पहिला व्हिडिओ पूर्ण झाला आणि ते कार्ड आजही त्याच कॅबिनेटमध्ये चालू आहे.

कृती अशी: स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली आपल्या कार्डावर दोनदा क्लिक करावे आणि ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये जावे. तिथला आवृत्ती क्रमांक व तारीख आधी वहीत उतरवून घ्यावी. एनव्हिडियाच्या बाबतीत हा क्रमांक विचित्र दिसतो, पण त्यात ओळखीचा आकडा लपलेला असतो: ३२.०.१५.६६१४ मधले शेवटचे पाच अंक ५६६१४ घेतले की कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणारी ५६६.१४ ही आवृत्ती मिळते. मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे, विचारलेले कारण निवडावे आणि रीस्टार्ट करावे. बटण फिकट दिसत असेल तर विंडोजकडे मागची आवृत्ती शिल्लक नाही, आणि मग पुढची पायरी घ्यावी लागते.

मुळापासून सफाई

नवा ड्रायव्हर जुन्यावरच बसवला की जुन्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नोंदी मागे राहू शकतात, विशेषतः कार्ड एका कंपनीचे काढून दुसऱ्याचे लावले असेल तेव्हा. यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’, बोलण्यात ‘डीडीयू’, हे वॅगनार्डसॉफ्टचे मोफत साधन वापरतात. ते मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. त्याच नावाच्या नकली पानांची कमतरता नाही. एएमडीचे स्वतःचे ‘क्लीनअप युटिलिटी’ही आहे. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडल्यावर ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची चौकट मिळते, आणि साध्या प्रकरणात तेवढेही पुरते. मी डीडीयूकडे दुसरा उपाय म्हणून वळतो, दर महिन्याची आंघोळ म्हणून नाही. तीन गोष्टी मात्र आधी हाताशी हव्यात, कारण त्या विसरल्याने मध्येच अडकलेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिली, बसवायचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवलेला असावा. दुसरी, डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या मूलभूत ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते; ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तिथून मोबाइलवर किंवा कागदावर उतरवून घ्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळतही चालू असते. तिसरी, खात्याचा पासवर्ड आठवत असावा, कारण सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही.

यानंतर इंटरनेट तोडावे, म्हणजे केबल काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. नाहीतर एका बाजूने आपण ड्रायव्हर काढतो आणि दुसऱ्या बाजूने विंडोज अपडेट आपला आणून बसवते. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे, ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जावे आणि रीस्टार्ट झाल्यावर येणाऱ्या यादीत ४ दाबावे. सेफ मोडमध्ये पडदा खरखरीत आणि चिन्हे अवाढव्य दिसतात, ते योग्यच आहे, कारण आता विंडोजचा स्वतःचा मूलभूत ड्रायव्हर चालू आहे. इथेही संगणक कोसळला तर ड्रायव्हर निर्दोष सुटला असे समजायला हरकत नाही. डीडीयू उघडून ‘जीपीयू’ आणि कंपनीचे नाव निवडावे व ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ दाबावे. साध्या विंडोजमध्ये परतल्यावर तयार ठेवलेला ड्रायव्हर बसवावा, पुन्हा रीस्टार्ट करावे आणि मगच इंटरनेट जोडावे.

कोणती आवृत्ती बसवावी

सर्वांत नवी ती सर्वांत चांगली, हा समज इथे लागू पडत नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ ही आवृत्ती मागे घ्यावी लागली होती, कारण तिच्यामुळे काही कार्डांच्या पंख्यांचे नियंत्रण बिघडून कार्डे तापत होती. नवी आवृत्ती बहुधा एखाद्या नव्या गेमसाठी किंवा नव्या कार्डासाठी आलेली असते. ते दोन्ही आपल्याकडे नसतील तर घाई कशासाठी? संपादन, थ्रीडी किंवा कॅडचे काम करणाऱ्यांनी एनव्हिडियाच्या दोन शाखांपैकी ‘गेम रेडी’ सोडून ‘स्टुडिओ’ ही शाखा घ्यावी, आणि एएमडीच्या कार्डावर ‘ऑप्शनल’ असे लिहिलेल्या आवृत्तीऐवजी ‘रेकमेंडेड’ निवडावी. बिघाड सुरू होण्याआधी जी आवृत्ती नीट चालत होती ती ठाऊक असेल तर तीच घ्यावी. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या आवृत्त्या मिळतात. जुन्या आवृत्त्यांतली सुरक्षाविषयक छिद्रे पुढच्या आवृत्त्यांत बुजवलेली असतात, त्यामुळे जुन्यावर वर्षानुवर्षे बसून राहू नये. दोन-तीन महिन्यांनी पुढची आवृत्ती तपासून पाहावी.

जुन्या कार्डांच्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठीचे नियमित गेम रेडी ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अद्यतने तेवढी मिळणार आहेत. पुण्यातल्या होस्टेलांमध्ये आणि सेकंडहँड बाजारात १०५० टीआय आणि १०६० अजून पुष्कळ फिरतात, म्हणून हे सांगणे भाग आहे.

लॅपटॉपचे गणित थोडे वेगळे आहे. त्यात बहुधा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधले आणि एक वेगळे, आणि दोघांचे ड्रायव्हर एकमेकांशी जुळावे लागतात. तिथे आधी लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मॉडेल क्रमांकानुसार ड्रायव्हर घ्यावेत, आणि कोसळण्याच्या नोंदीत नाव नक्की कोणत्या ग्राफिक्सचे आहे ते तपासावे. लोक वेगळ्या कार्डाचा ड्रायव्हर बदलत बसतात आणि नोंदीत नाव प्रोसेसरमधल्याचे असते.

विंडोज अपडेटने तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा आणू नये म्हणून विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधून विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याची सोय आहे. होम आवृत्तीत ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधून तिथे ‘नो’ निवडावे. डीडीयूमध्येही अशी एक चौकट आहे.

पडताळणी, आणि एका वेळी एकच बदल

ड्रायव्हर बदलल्यावर आधी तेच काम करून पाहावे ज्यात संगणक कोसळत होता. त्यानंतर ‘ओसीसीटी’ किंवा ‘युनिजिन सुपरपोझिशन’सारखे ताण देणारे सॉफ्टवेअर अर्धा तास चालवावे आणि बाजूला ‘एचडब्ल्यूइन्फो’त तापमान पाहावे. किती दिवस वाट पाहायची? माझा अंदाज असा, की दोन बिघाडांत जेवढे अंतर असायचे त्याच्या तिप्पट. रोज कोसळणारा संगणक तीन दिवस टिकला तर बरे लक्षण, पण आठवड्याने एकदा कोसळणाऱ्याला तीन आठवडे द्यावेच लागतात. या काळात दुसरे काहीही बदलू नये. रॅम काढून लावली, ड्रायव्हर बदलला, विंडोजही अद्ययावत केले आणि संगणक चालू लागला, तर कशाने चालू लागला हे कळत नाही आणि महिन्याने पुन्हा बंद पडल्यावर सुरुवात पहिल्या पायरीपासून करावी लागते.

नव्या ड्रायव्हरवरही बिघाड कायम असेल तर एकेक करून पुढील गोष्टी बंद करून पाहाव्यात: कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ते ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, त्यात ‘आफ्टरबर्नर’ या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमधली विसरलेली जुनी प्रोफाइलही आली, ‘डिस्प्ले’च्या ‘ग्राफिक्स’ पानावरील ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’, आणि बिघाड ब्राउझरमध्येच येत असेल तर ब्राउझरचे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन. काही कार्डे कारखान्यातूनच वाढीव वेगाने येतात, त्यांचा वेग ५० मेगाहर्ट्झने कमी केल्यावर बिघाड थांबला तर कार्ड स्वतःच काठावर चालत आहे असे समजावे.

रजिस्ट्रीत टीडीआरची दोन सेकंदांची मुदत वाढवण्याचा उपाय बऱ्याच ठिकाणी सर्रास सुचवला जातो. थ्रीडी रेंडरिंग किंवा टेक्श्चरचे एखादे गणित खरोखरच दोन सेकंदांहून जास्त चालते तेव्हा तो योग्य आहे, आणि अशी सॉफ्टवेअर बनवणारे स्वतःच तशी सूचना देतात. गेम खेळताना कोसळणाऱ्या संगणकावर मात्र त्याने पडदा दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद गोठून मग कोसळतो, एवढाच फरक पडतो.

ड्रायव्हर सुटला, आता बाकीचे

धनकवडीतल्या एका विद्यार्थ्याने चार वेळा ड्रायव्हर बदलून आणि दोनदा विंडोज नव्याने घालून मग मला बोलावले होते. गेम सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांत त्याचा संगणक निळा पडदा न दाखवता थेट रीस्टार्ट होत होता. नोंद ४१ मधला बगचेककोड प्रत्येक वेळी शून्य होता. कॅबिनेट उघडले तर नव्या कार्डाला जुन्या संगणकातली ४५० वॉटची एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी, जोडलेली, आणि कार्डावरच्या दोन्ही आठ-पिनी जागांना एकाच केबलची दोन तोंडे लावलेली. आठ पिनांचे एक कनेक्शन १५० वॉटपर्यंत आणि मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो असा हिशेब धरला, तर दोन कनेक्शनांच्या कार्डाची भूक ३७५ वॉटपर्यंत जाऊ शकते, आणि प्रोसेसर वेगळाच. योग्य क्षमतेची एसएमपीएस आणि दोन स्वतंत्र केबली लावल्यावर रीस्टार्ट थांबले.

यूपीएसकडेही पाहावे. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. रेंडरिंग चालू असताना लाइट गेली तर तो भार पेलत नाही आणि संगणक त्याच क्षणी बंद होतो. घरच्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असेल तर काही चांगल्या एसएमपीएस त्यावर नीट चालत नाहीत. यासाठी आपल्या भारापेक्षा सवाई-दीडपट क्षमतेचा, शुद्ध साइन लहरीचा यूपीएस पाहावा.

उष्णतेचा बिघाड वेळापत्रकाने ओळखू येतो. काम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, त्यातही एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असताना कोसळणारा आणि रात्री मुकाट चालणारा संगणक तापतो आहे. रस्त्यांची आणि मेट्रोची कामे चालू असलेल्या भागात सहा महिन्यांत पंख्यांवर धुळीचा थर जमतो. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून ब्लोअरने धूळ उडवावी. पाती मोकळी सोडली तर ती वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. त्याच वेळी कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा घट्ट बसवावे. जड कार्डे वर्षभरात एका बाजूला झुकतात, त्यांना खालून टेकू द्यावा.

एवढे सगळे करूनही ११६ येतच राहिला तर शेवटची परीक्षा म्हणजे तेच कार्ड मित्राच्या संगणकात आणि मित्राचे कार्ड आपल्या संगणकात. बिघाड कार्डासोबत गेला की निकाल लागला. सेवा केंद्रात जाताना बिल, कार्डावरच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि ही वही सोबत न्यावी. तारखा, संकेतांक आणि वापरून पाहिलेल्या आवृत्त्यांची यादी समोर ठेवली की काउंटरवरचा माणूस ‘ड्रायव्हर अपडेट करून बघा’ असे सांगून आपल्याला परत पाठवू शकत नाही.